लोकरीच्या केसांचं लाकडी डोकं

मित्रांनो, मला बघून आधी सगळेच दचकतात. तुम्ही दचकू नका. मी एक जुनं लाकडी डोकं आहे. मला धड नाही, हात नाहीत, पाय नाहीत. डोक्यावर केस आहेत, पण तेही लोकरीचे. लाल, पिवळे आणि निळे. एक कान तुटून पुन्हा चिकटवलेला आहे. एका मोठ्या दवाखान्याच्या तळमजल्यावर, काचेच्या कपाटात माझा मुक्काम असतो. डोकं असलं तरी ते भरीव लाकडाचं, त्यामुळे माझ्याकडून फार हुशारीची अपेक्षा ठेवू नका. पण जे पाहिलं ते माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून सांगतो.

एका कातारीकाकांनी मला घडवलं. लेथवर ओंडका फिरवून त्यांनी माझा गोल आकार काढला, मग छोट्या पटाशीने कान आणि नाक कोरलं. नाक जरा बसकंच झालं. "टोपी काय नाकावर घालतात?" असं म्हणून त्यांनी मला पॉलिश मारलं आणि टोप्यांच्या दुकानात पाठवून दिलं. तिथे काचेमागे रोज नवी टोपी घालून बसायचं, एवढंच काम. त्या वेळची माझी ऐट काय सांगू! पुढे लोक टोप्या घालेनासे झाले, दुकानाला टाळं लागलं आणि मी भंगारवाल्याकडे येऊन पडलो. शेजारी बंद पडलेला पंखा, खाली फुटकी ट्रंक. धूळ एवढी बसली की माझा रंगही कुणाला ओळखू येईना.

एक दिवस तिथे एक तरुण मुलगी आली. तिने मला उचललं, पालथं केलं, टेबलावर ठेवून हलवून पाहिलं.

"हे पक्कं उभं राहतं ना?"

"घ्या हो ताई," भंगारवाला म्हणाला. "माणसाचं डोकं फिरेल, पण हे हलायचं नाही."

ती हसली आणि मला पिशवीत घालून घेऊन गेली. दवाखान्यात लहानथोर सगळे तिला ताईच म्हणायचे, म्हणून मीही ताईच म्हणतो.

ताईचा विभाग पाहून मी चक्रावलो. एका खोलीत बुटका ओटा होता, त्याला नळ होता. एका कोपऱ्यात पलंग. मधोमध एक दार उभं होतं, पण त्याला भिंतच नव्हती. त्या दाराला नाना तऱ्हेच्या कड्या, कुलपं आणि मुठी लावलेल्या. एका फळीवर नुसती बटणं, चेन आणि बुटाच्या नाड्या. मला वाटलं, कुणाचं तरी घर फुटून त्याचे तुकडे इथे येऊन पडलेत. हळूहळू उमगलं की ज्यांचं रोजचं जगणं हातातून निसटलंय, ती माणसं इथे येऊन ते पुन्हा धरायला शिकतात. चमचा तोंडापर्यंत कसा न्यायचा, एका हाताने शर्ट कसा घालायचा, चाकाच्या खुर्चीवरून पलंगावर कसं जायचं. डॉक्टर जीव वाचवतात. मग तो वाचलेला जीव घरी जातो आणि त्याला साधं बटण लावता येत नाही. ताईचं काम तिथून सुरू व्हायचं. 

ती ऑक्युपेशनल थेरपिस्ट होती. दारावर "व्यवसायोपचार विभाग" अशी पाटी होती आणि ती वाचून लोक विचारायचे, "इथे नोकरी लावून देतात का हो?" दवाखान्यातले लोक विभागाला नुसतं "ओटी" म्हणत, आणि ऑपरेशन थिएटरलाही ओटीच. एकदा एक आजोबा कुणीतरी ओटीत जायला सांगितलं म्हणून सकाळपासून उपाशीपोटी येऊन बसले आणि ताईला म्हणाले, "पोट कापायच्या आधी एकदा घरच्यांना भेटू द्या." ताईने त्यांना आधी बिस्किटं दिली.

मला कशासाठी आणलं, ते दुसऱ्या दिवशी कळलं.

ताईकडे एक बाई येऊ लागल्या होत्या. शहरात बस चालवायच्या. रुंद खांदे, खणखणीत आवाज. आधी त्यांच्या हाताने किल्ली फिरेना. मग गिअर टाकताना पंजा घसरू लागला. लचक भरली असेल म्हणून त्यांनी महिनोन्‌महिने अंगावर काढलं. शेवटी तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या नसा एकेक करून सुकत जाणार होत्या. आधी हात, मग पाय, मग आवाज, मग श्वास. परत फिरवणारं औषध नव्हतं. ड्रायव्हरबाईंनी बस सोडली, गणवेश धुऊन, इस्त्री करून परत दिला आणि इथे आल्या.

ताईने त्यांना विचारलं होतं, "सकाळी उठल्यापासून काय काय अवघड जातं, सांगा."

"सगळंच जातं," त्या म्हणाल्या. "बस गेली, जाऊ दे. जेवण कुणीही भरवेल. पण माझ्या मुलीच्या वेण्या मलाच घालायच्यात. तेवढं बघा."

मुलगी दुसरीत शिकत होती. तिला घरात भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी उभी म्हणून राहायची नाही. केस कमरेपर्यंत. सकाळी दोन वेण्या घालून होईपर्यंतच काय ती थांबायची, आणि तेवढ्या वेळात पोटातलं सगळं ओठांवर यायचं. कुणी पेन्सिल ढापली, कोण वर्गात रडलं, शाळेतल्या बाईंनी कुणाला शाबासकी दिली. वेण्या झाल्या की पक्षी उडाला.

म्हणून ताईने मला आणलं होतं. तिने माझ्या डोक्यावर बारीक खिळ्यांनी लोकर ठोकली. तीन रंगांचे तीन पेड, म्हणजे कुठला कुठून कुठे जातो ते नीट दिसावं. मग बाईंच्या हाताचं माप घेऊन गरम पाण्यात एक प्लास्टिकचा तुकडा मऊ केला आणि मनगटाभोवती अलगद गुंडाळून धरला. थंड झाल्यावर तो हाताच्याच आकाराचा झाला. त्याला स्प्लिंट म्हणतात. त्याने मनगट कोसळेना आणि अंगठ्याला आधार मिळाला. कोपरांखाली उशा दिल्या. भिंगरीला बसायला बुटकं स्टूल दिलं, म्हणजे आईला हात वर उचलायला नकोत. आणि बजावलं, "थकेपर्यंत सराव करायचा नाही. या आजारात जोर लावून जोर येत नाही, असलेला संपतो."

मला बाईंच्या घरी पाठवण्यात आलं. दोन खोल्यांचं घर. भिंगरीने मला खिडकीत ठेवलं आणि शाळेतून आल्यावर रोज माझ्या नाकाला चिमटा काढून जायची.

मित्रांनो, काही महिने फार सुखाचे गेले. वेण्या थोड्या सैल व्हायच्या, पण व्हायच्या. ताई घरी येऊन बघून गेली. तिने न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला, पाय अडकेल अशी सतरंजी उचलायला लावली, चमच्याची मूठ फोम गुंडाळून जाड केली. बाई हसून म्हणाल्या, "ही पोरगी माझ्या घराचं वर्कशॉप करून टाकणार!"

मग उजव्या हाताची पकड गेली. ताईने सांगितलेलं बाईंनी ऐकलं नाही. घरात कुणी नसलं की त्या मला मांडीवर घेत आणि लोकर ओढत बसत. पेड बोटांतून निसटायचा, त्या पुन्हा धरायच्या. घामाने कपाळ भिजायचं. त्यांच्या हातांची धडपड मला टाळूवर कळत होती. आदल्या आठवड्यात जमलेलं या आठवड्यात जमेनासं व्हायचं.

भिंगरी शाळेत तिरक्या वेण्या घेऊन जाऊ लागली. मुलं हसत असतील, तिने घरी सांगितलं नाही. एका सकाळी आईचा हात तिसऱ्यांदा खाली पडला, तेव्हा ती म्हणाली, "आई, मी केस कापून टाकू का? छोटे केस मला आवडतात."

तिला छोटे केस मुळीच आवडत नव्हते. ते आईला कळत होतं.

"जा शाळेत," आई म्हणाली. मुलगी तशीच गेली, मोकळ्या केसांनी. दार बंद झालं आणि बाईंनी दोन्ही मनगटांनी मला ढकलून दिलं. मी फरशीवर आदळलो, गडगडत भिंतीपर्यंत गेलो. माझा कान तुटला. मला त्याचं काही वाटलं नाही. बाई ज्या आवाजात रडत होत्या, तो ऐकून मात्र मला वाटलं की कातारीकाकांनी मला कान कोरलेच नसते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी भिंगरीचे बाबा आले. ते फरशी बसवायचं काम करायचे. मितभाषी माणूस, दिवसभर उकिडवं बसून गुडघ्यांचं वाटोळं झालेलं, बोटांच्या पेरांत सिमेंट मुरलेलं. त्यांनी मला भिंतीपासून उचललं. पलंगाखाली हात घालून माझा कान शोधून काढला आणि चिकटवला.

दुसऱ्या दिवशी ताई आली. खुर्चीत न बसता बाईंच्या शेजारी जमिनीवर बसली.

"खोटं बोलू नकोस हं," बाई म्हणाल्या. "येतील का माझे हात परत?"

"नाही येणार," ताई म्हणाली.

"मग कशाला येतेस तू?"

"तुम्हाला त्या वेण्यांमध्ये नक्की काय हवंय, ते विचारायला. मी ते आधीच विचारायला हवं होतं."

बाईंनी भिंतीकडे तोंड वळवलं. मग म्हणाल्या, "तेवढ्या वेळातच ती माझ्याशी बोलते गं. हात गेले की तेही जाईल."

ताई उठली. तिने बाईंची खुर्ची उचलून खोलीच्या मध्ये आणली, तिच्यासमोर भिंगरीचं स्टूल ठेवलं आणि स्टुलामागे बाबांना उभं केलं.

"वेण्या दादा घालतील," ती म्हणाली. "तुम्ही समोर बसून सांगायचं. इतकी वर्षं तुम्ही तिची पाठ बघत ऐकलंत, आता तोंड बघत ऐका."

बाबा घाबरून गेले. "अहो ताई, माझे हात बघा! यांना केस अडकतील."

"रात्री तेल चोळा. आणि तोवर हे डोकं आहेच."

मग माझे हाल सुरू झाले! बाबांनी पेड असे आवळले की माझे खिळे उखडायची वेळ आली.

"अहो, वेणी घालताय की दोरखंड वळताय?" बाई खुर्चीतून ओरडायच्या. "लाल वरून घ्या. वरून! आता निळा. सैल सोडू नका."

"अगं, फरशी तरी एका जागी पडून राहते," बाबा कपाळ पुसत म्हणायचे.

भिंगरी पोट धरून हसायची. फार दिवसांनी त्या घरात कुणी हसलं होतं. पंधरवड्यात बाबांना माझ्या डोक्यावर एक बरी वेणी जमली. तिला दोन्ही बाजूंनी निरखून बाई म्हणाल्या, "हं. जरा वाकडी आहे, पण माणूस पास." मग भिंगरी स्टुलावर बसली, आईच्या डोळ्यांत बघत शाळेतलं सांगू लागली, आणि बाबांच्या हातून पेड सुटले तरी तिचं सांगणं सुटलं नाही.

अशाच एका सकाळी तिने घरी आलेल्या ताईला विचारलं, "तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही."

"नर्स?"

"नाही."

"मग तुम्ही कोण हो? तुम्ही तर नुसत्या खुर्च्या हलवता."

बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. ताईने सांगितलं, "मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. माणसाला जे करावंसं वाटतं ते करता यावं, म्हणून खुर्च्यासुद्धा हलवते."

"ते व्हायला काय करावं लागतं?"

"शाळेत विज्ञान, त्यातही जीवशास्त्र नीट शिकायचं. मग प्रवेश मिळवून कॉलेजात चार-साडेचार वर्षं. हाडं, स्नायू, शिरा सगळं पाठ करायचं. मन कसं आजारी पडतं, तेही शिकायचं. शेवटी दवाखान्यात राबायचं. लहान मुलांबरोबर, म्हाताऱ्यांबरोबर, मनाने खचलेल्यांबरोबर. एकदा कॉलेजात शिकवणाऱ्या बाईंनी आमचा उजवा हात बांधून ठेवला आणि म्हणाल्या, आता दिवसभर असंच राहा. जेवा, कपडे बदला, वेण्या घाला."

"जमलं?"

"दुपारपर्यंत मी रडकुंडीला आले. त्या दिवशी मला हे काम थोडं कळलं."

"रडू आलं तर काय करायचं, ते शिकवतात?"

ताईने तिच्या रिबिनीची गाठ नीट केली. "नाही गं. तेवढं कुणी शिकवत नाही."

मित्रांनो, आजार मात्र थांबला नव्हता. पाय गेले. मग तो खणखणीत आवाज, ज्याने भर रस्त्यात मालमोटारवाल्यांना बाजूला काढलं होतं, तो आधी घोगरा झाला, मग कुजबुजीएवढा, मग उरलाच नाही. ताईने त्या आधीच सगळ्यांना एक खूण शिकवून ठेवली होती. बाईंनी एकदा पापण्या मिटल्या तर वेणी ठीक, दोनदा मिटल्या तर उकला आणि पुन्हा घाला. बाबा प्रत्येक पेडाला मान वर करून त्यांच्याकडे बघायचे. ठीक असलेली वेणीसुद्धा बाई कधी कधी दोनदा पापण्या मिटून उकलायला लावायच्या. पहिल्यांदा बाबा गोंधळले. मग त्यांच्या लक्षात आलं, की भिंगरीचं सांगणं अजून संपलेलं नसायचं. ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

थंडीच्या दिवसांत एका पहाटे बाई गेल्या. घरात माणसं आली, गेली. मी खिडकीतून पाहत होतो. मला डोळे मिटता येत नाहीत, म्हणून पाहत होतो.

त्यानंतर भिंगरीने डोक्याला कुणाला हात लावू दिला नाही. केसांचा गुंता झाला, जटा व्हायला लागल्या. बाबा फणी घेऊन जवळ गेले की ती पलंगाखाली शिरायची. आत्या म्हणाली, "कापून टाक सरळ. पोरीला किती दिवस असं ठेवणार?" बाबांनी कात्री घेतली, हातात धरून उभे राहिले आणि परत ठेवून दिली.

ताई दवाखान्याच्या वस्तू परत न्यायला आली, तेव्हा घर असं होतं. तिने स्प्लिंट, उशा पिशवीत भरल्या. खुर्ची हलवायला हात लावला, तेवढ्यात पलंगाखालून आवाज आला, "नको. राहू दे."

ताई खाली वाकली. "राहू दे. केस दुखत असतील ना?"

"बाबांना नाही येत," भिंगरी म्हणाली. "आई सांगायची म्हणून यायचं. आता सैल झाली तर त्यांना कोण सांगणार?"

"सैल झालेली तुला कळते?"

"कळते ना. माझ्याच तर डोक्यावर असते."

"मग तूच सांग त्यांना."

पलंगाखालून आधी तिचे पाय दिसले. मग ती बाहेर आली आणि स्टुलावर बसली, रिकाम्या खुर्चीसमोर. बाबांनी तेल घेतलं आणि गुंता सोडवायला बसले. एकेक बट मुळाशी धरून, जेणेकरून ओढ बसू नये. ते रडत होते. पाणी हनुवटीवरून पोरीच्या केसांत पडत होतं, पण बोटं थांबली नाहीत. ताई दाराशी उभी राहिली. मदतीला गेली नाही.

"बाबा, सैल," भिंगरी म्हणाली.

बाबांनी उकललं. पुन्हा घातलं.

"अजून सैल."

पुन्हा उकललं. खोलीत नुसता फणीचा आवाज. खूप वेळाने ती खुर्चीकडे बघतच म्हणाली, "काल शाळेत ना, आमच्या बाईंनी मला पुढच्या बाकावर बसवलं."

बाबांचे हात क्षणभर थबकले. आजवर हे सगळं त्यांनी फक्त ऐकलं होतं. त्यांना उद्देशून कुणी सांगितलं नव्हतं.

"हं," ते म्हणाले. "मग?"

ताईने मला पिशवीत घातलं आणि आवाज न करता दार ओढून घेतलं. जिन्याच्या वळणावर ती पायरीवर बसली, पिशवी पोटाशी धरली आणि रडली. माझी लोकर ओली झाली. मग तिने तोंड पुसलं, कारण पुढचा रुग्ण वाट पाहत होता.

भिंगरी मला पुन्हा दिसली नाही. ती आता केवढी झाली असेल, काय करत असेल, मला ठाऊक नाही. "इथून गेलेलं माणूस परत येऊ नये, यातच त्याचं भलं," असं ताई म्हणते. तरी दार वाजलं की मी बघतो.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचे हात थरथरत असतील, कुणाला बटण लावायला वेळ लागत असेल, तर "आण इकडे, मी लावतो" म्हणून ते ओढून घेऊ नका. थोडा उशीर होऊ द्या. आणि ज्या दिवशी त्यांना खरंच जमेनासं होईल, त्या दिवशी त्यांना कोपऱ्यात नेऊन बसवू नका. समोर बसवा, आणि तुमच्या दिवसातलं सगळं, अगदी पेन्सिल हरवली तेसुद्धा, त्यांना सांगा.